एका पातेल्यातलं डाएट

टेंभुर्णीहून पंढरपूरकडे निघालं की वाटेत करकंब लागतं. पंढरपूर तालुक्यातलं मोठं, बाजाराचं गाव. आहे उसाच्या पट्ट्यात, पण खाणाऱ्यांच्या तोंडी त्याचं नाव येतं ते आमटीमुळे. करकंबची बाजार आमटी. तीन-चार डाळी एकत्र शिजवायच्या, काळं तिखट आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण घालायचं, वर लाल कट येईपर्यंत पातेलं उकळू द्यायचं. मग ताटात भाकरी नाहीतर चपाती कुस्करायची आणि ती बुडेल इतकी आमटी वर ओतायची. तोंडी लावायला कांदा, लिंबू. कपाळावर घाम आला नाही तर आमटी जमली नाही असं समजायचं.

या पंगतीत हल्ली नवी वाक्यं ऐकू येतात. "मी दोनदाच जेवतो." "मला भाकरी नको, नुसती आमटी वाढा." "माझं किटो चालू आहे, डाळ चालत नाही." "मी सहानंतर काही खात नाही." चार जणांची चार पथ्यं, आणि चुलीवर पातेलं एकच. स्वयंपाक करणारी बाई पळी हातात धरून विचारते, "मग तुम्हाला वाढू तरी काय?"

डाएटबद्दलच्या ढीगभर पुस्तकांतून हा प्रश्न क्वचितच येतो. तिथे प्रश्न असतो तो 'सगळ्यात चांगलं डाएट कोणतं' हा. त्याचं उत्तर संशोधकांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बऱ्यापैकी शोधलं आहे, आणि ते ऐकून पुस्तकं विकणाऱ्यांची निराशा होईल. म्हणून आधी बाजारात काय काय मांडलं आहे ते पाहू, मग त्यांच्या कसोटीचे निकाल पाहू, आणि शेवटी पातेल्याकडे परत येऊ.

वजन गावात कसं आलं

लठ्ठपणा हा शहरातल्या बैठ्या लोकांचा रोग, हा समज आता मोडीत निघाला आहे. उजनी धरणाचं पाणी कालव्याने आलं, ऊस आला, पैसा आला आणि कष्टांची जात बदलली. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला बांधावरून चालत जाणारा माणूस आता अंथरुणातून मोबाइलवर मोटर चालू करतो. ठिबकमुळे दारं धरायचं काम कमी झालं. रानापर्यंतचा दीड किलोमीटर मोटारसायकलवर जातो. कष्ट आटले, पण ताट कष्टाच्या काळातलंच राहिलं. त्यात चहा, बिस्किटं, फरसाण आणि वडापावची भर पडली. ऊसतोड करणाऱ्या मजुराचं ताट आणि त्याच उसाच्या बागायतदाराचं ताट यांत आता फरक असायला हवा. प्रत्यक्षात बागायतदाराचंच ताट जास्त भरलेलं असतं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निकाल २०२३ मध्ये आले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी ३९.५ टक्क्यांच्या पोटावर चरबी साठलेली आहे. पोटाची चरबी हा आपला खास प्रश्न आहे, आणि तो सगळ्यात नेमकेपणाने मांडला पुण्यातल्या एका डॉक्टरांनी. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन अगदी सारखं, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. काट्यावर सारखे, आतून वेगळे. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं लहानखुरी खरी, पण ती कमी भरत होती स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. कातडीखालच्या चरबीत फारशी मागे नव्हती.

म्हणून आपल्याकडे बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ च्या वर गेला की लठ्ठपणा धरतात. पाश्चात्त्यांसाठी याच रेषा २५ आणि ३० वर आहेत. कमरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटर, बाईचा ८० च्या आत हवा. शिंप्याची टेप इथे काट्यापेक्षा जास्त सांगून जाते. या सगळ्याचा डाएट निवडण्याशी थेट संबंध आहे. ज्याच्या अंगात स्नायू आधीच कमी आहेत, त्याने स्नायू झिजवून वजन उतरवलं तर काटा खूश होईल, शरीर नाही.

दीक्षित की दिवेकर

महाराष्ट्रात डाएटचा विषय घराघरांत पोचवला तो दोन नावांनी. २०१८ च्या सुमारास 'दीक्षित की दिवेकर' हा प्रश्न लग्नाच्या पंगतीपासून एसटीच्या बाकड्यापर्यंत रंगत होता.

डॉ. जगन्नाथ दीक्षित हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवणारे प्राध्यापक. त्यांच्या पद्धतीचं बीज नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतलं, आणि ते श्रेय दीक्षित स्वतःच देतात. नियम थोडके: खरी भूक लागेल त्या दोन वेळा ओळखा, त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, गोड टाळा आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा चालतो. तर्क असा, की प्रत्येक खाण्यागणिक इन्सुलिन सुटतं, ते रक्तात चढं राहिलं की चरबी वितळत नाही, तेव्हा खाण्याच्या वेळाच कमी करा.

ऋजुता दिवेकर यांचा सल्ला ऐकायला याच्या उलट. थोडं थोडं, दर दोन तासांनी खा. तूप, भात, केळं यांना घाबरू नका. आजीच्या ताटात होतं ते, आपल्या भागात आणि त्या ऋतूत पिकतं ते खा. २००८ च्या 'टशन' चित्रपटातल्या करिना कपूरच्या बारीक अंगकाठीमागे त्यांचं नाव होतं, आणि २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने तर आहारतज्ज्ञाला देशभर प्रसिद्धी मिळते हे दाखवून दिलं.

एक म्हणतो दोनदा खा, दुसरी म्हणते सात वेळा. दोघांकडेही वजन उतरलेल्या माणसांची रांग. खरं कोण? प्राग शहरात झालेला एक प्रयोग या वादाच्या फार जवळ जातो. मधुमेहाच्या ५४ रुग्णांना आळीपाळीने दोन्ही पद्धतींवर बारा-बारा आठवडे ठेवलं. एका पाळीत दिवसाला सहा छोटी खाणी, दुसऱ्यात फक्त नाश्ता आणि दुपारचं जेवण. एकूण उष्मांक दोन्हीकडे सारखेच कमी केलेले. सहा वेळा खाऊन सरासरी २.३ किलो उतरले, दोनदा खाऊन ३.७. म्हणजे दीक्षितांच्या बाजूने पारडं किंचित झुकतं. पण दोन गोष्टी विसरता कामा नयेत. पहिली, वजन दोन्हीकडे उतरलं. दुसरी, त्या प्रयोगातली दोन जेवणं सकाळची आणि दुपारची होती. आपल्याकडे दोनदा जेवणारा माणूस बहुधा दुपारी एकला आणि रात्री नऊला जेवतो.

दोघांच्याही यशामागे एक सामाईक कारण आहे, त्याची चर्चा झाली नाही. दीक्षितांच्या माणसाचे मधल्या वेळचे पाच गोड चहा, बिस्किटं आणि भजी सुटली. दिवेकरांच्या माणसाच्या मधल्या वेळात पाकिटातल्या खाऊच्या जागी शेंगदाणे आणि फळ आलं. वरकरणी उलट्या दिसणाऱ्या दोन वाटा टपरीला वळसा घालूनच जातात.

बाजारात मांडलेली बाकीची पथ्यं

पीठ-साखर कमी करण्याचं पथ्य वाटतं तितकं नवं नाही. लंडनचा विल्यम बँटिंग अंत्यविधीचं सामान पुरवणारा माणूस. स्थूलपणाने जेरीस आलेला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले, २० किलोंहून जास्त वजन उतरवलं आणि १८६३ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका लिहिली. ती इतकी खपली की 'बँटिंग करणं' हा तिकडे वाक्प्रचारच झाला. १९७२ मध्ये अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी तीच कल्पना पुन्हा विकली.

किटो हे या घराण्यातलं सगळ्यात कडक पथ्य. त्याचा जन्म १९२१ चा, आणि तोही वजनासाठी नव्हे, तर मिरगीच्या रुग्णांसाठी. भाकरी, भात, डाळ, फळं जवळजवळ बंद. तूप, लोणी, अंडी, पनीर, मटण चालू. पहिल्या आठवड्यात दोन किलो गेले म्हणून लोक हरखतात. त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. शरीरात साठवलेली साखर संपते आणि तिने धरून ठेवलेलं पाणीही सोबत जातं. पुढे चरबीही उतरते, यात शंका नाही. पण सोलापूर जिल्ह्यात ज्वारी आणि डाळ वर्ज्य करून जगणं म्हणजे रोज सासुरवाडीला जाऊन रुसून बसण्यासारखं आहे. किती दिवस बसणार?

त्याच्या उलट टोकाला चरबी कमी करणारं पथ्य. डॉ. डीन ऑर्निश यांचं त्यातलं सगळ्यात कडक: तेल-तूप नाममात्र, धान्य-भाज्या-कडधान्यं भरपूर. आपल्याकडे तेल सोडून जेवण करणाऱ्यांचे काही गट याच वाटेने जातात.

तिसरं घराणं घड्याळाचं. सोळा तास उपास आणि आठ तासांत जेवण, किंवा आठवड्यात दोन दिवस अगदी कमी खाणं. पंढरीच्या प्रदेशाला उपास कोणी शिकवायला नको. एकादशी, गुरुवार, शनिवार, चातुर्मास आहेच. पण 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हणही आपलीच. साबुदाण्याच्या खिचडीची एक भरली बशी शेंगदाण्याचं कूट आणि तूप धरून ५०० कॅलरींच्या घरात जाते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. घड्याळाचा उपास आणि पंचांगाचा उपास यांत फरक आहे तो एवढाच, की पहिल्यात न खाण्याला मोल आहे आणि दुसऱ्यात काय खाल्लं त्याला. दोन्ही एकत्र केले तर आपला उपास कुठल्याही परदेशी पद्धतीला हार जाणार नाही.

चौथं भूमध्य समुद्राकाठचं जेवण: भाज्या, कडधान्यं, मासे, सुकामेवा, ऑलिव्हचं तेल. हृदयासाठी त्याचा पुरावा चांगला आहे. ते जसंच्या तसं इथे आणायला पैसे लागतील, पण त्याचा गाभा आपल्याकडे आहेच. मटकी, हुलगा, शेंगदाणे, जवस, कारळ्याची चटणी, मेथी, शेपू, आणि उजनीचे मासे.

पाचवं भरडधान्यांचं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून राळे, वरई, नाचणी यांना शहरात भाव आला. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा या भागाला त्यात नवं काही नाही. ज्वारी चांगलीच आहे, चोथा भरपूर. पण 'ज्वारीने शुगर वाढत नाही' हे खरं नव्हे. तिच्यातही बहुतेक भाग पिष्टाचाच. चार भाकऱ्या त्या चार भाकऱ्याच.

राहिलेली पथ्यं भराभर उरकू. सात दिवसांत सात किलो उतरवणारं, मोटार कंपनीच्या नावाने फिरणारं डाएट त्या कंपनीने बनवल्याचा धड पुरावा नाही. आठव्या दिवशी वजन परत येतं. अंगातली घाण काढणारी 'डिटॉक्स' पेयं हे मूत्रपिंड आणि यकृत यांच्या कामाचं श्रेय लाटणं आहे. महागडे शेक जेवणाऐवजी घेतले तर वजन उतरतं, कारण जेवण सुटतं. डबा संपला की प्रश्न पुन्हा तिथेच.

कसोटीचा निकाल

आता निकाल. २००५ मध्ये छापून आलेल्या एका अमेरिकी प्रयोगात १६० जणांना चार प्रसिद्ध डाएटांत वाटून वर्षभर पाहिलं. अ‍ॅटकिन्स आणि ऑर्निश ही दोन टोकं, मध्ये दोन सौम्य पद्धती. सरासरी घट सगळीकडे दोन-तीन किलोंच्या आसपास. डाएट कोणतं यापेक्षा ते किती पाळलं यावर घट ठरली. आणि पाळलं किती जणांनी? टोकाच्या दोन्ही पद्धतींत निम्मी माणसं वर्षभरात गळाली, सौम्य पद्धतींत ६५ टक्के टिकली.

२०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ जणांवरच्या मोठ्या प्रयोगाचे निकाल छापले. निम्म्यांना चरबी कमी, निम्म्यांना पिष्ट कमी. वर्षाअखेर एका गटात ५.३ किलो उतरले, दुसऱ्यात ६. फरक नगण्य. जनुकं किंवा इन्सुलिन पाहून कोणाला कोणतं डाएट लागेल हे आधी सांगता येईल, ही आशाही त्यात फोल ठरली. खरी नवलाची गोष्ट पुढेच आहे. दोन्ही गटांत एकाच डाएटवर कोणाचे तीसेक किलो उतरले, तर कोणाचे दहाएक वाढले. डाएटा-डाएटांतला फरक अर्ध्या-पाऊण किलोचा, आणि माणसा-माणसांतला चाळीस किलोंचा!

घड्याळाच्या उपासाचंही तेच. चीनमध्ये १३९ लठ्ठ माणसांना सारखंच कमी जेवण दिलं. एका गटाने ते सकाळी आठ ते दुपारी चारच्या आत खायचं, दुसऱ्याने दिवसभरात केव्हाही. वर्षाने एकाचे सरासरी ८ किलो उतरले, दुसऱ्याचे ६.३. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, असा २०२२ चा निष्कर्ष.

सगळ्या निकालांचं सार एका ओळीत मावतं: वजन उतरतं ते कमी ऊर्जा पोटात गेल्यामुळे, आणि प्रत्येक डाएट म्हणजे कमी खाण्याला घातलेलं वेगवेगळं कुंपण आहे. कोणी वेळेचं कुंपण घालतं, कोणी भाकरीचं, कोणी तेलाचं. कुंपण कशाचं हा मुद्दा दुय्यम. ते किती वर्षं उभं राहील हा मुख्य.

आणि किती उतरवायचं? जाहिरातीत तीस किलोंचे फोटो असतात. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांवर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला. वजन ७ टक्के उतरवणं आणि चालणं, एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोंच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात. मधुमेह झालेल्यांसाठी ब्रिटनचा प्रयोग आशादायक आहे. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने ८५० च्या आसपास कॅलरींवर ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के जण वर्षाने औषधाशिवाय मधुमेहमुक्त होते. मधुमेह 'उलटवण्या'ची जी भाषा आपल्याकडे चालते तिला इथे आधार आहे, पण त्यातला 'देखरेखीखाली' हा शब्द गाळून ती बोलली जाते.

ताटाचा हिशेब

आता करकंबच्या ताटाला हे लावून पाहू. मध्यम भाकरीला ६०-७० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे २०० ते २४० कॅलरी आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं. चहाच्या कपात दोन चमचे साखर म्हणजे दहा ग्रॅम, ४० कॅलरी; दिवसाचे पाच कप झाले की २००. एक मोठा चमचा तेल १२० कॅलरींच्या पुढे. ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालून साधारण २०० कॅलरी जळतात. थोडक्यात, चालणं आणि चहातली साखर एकमेकांना फेडून टाकतात.

या ताटात कमी काय आहे? प्रथिनं. ६० किलोंच्या माणसाला रोज ५० ग्रॅमच्या आसपास लागतात. तीन भाकऱ्या, वाटीभर पातळ आमटी आणि भात या जेवणात पिष्ट उदंड, प्रथिनं जेमतेम. पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा काही चघळावंसं वाटतं. आता तिसरी भाकरी काढा आणि तिच्या जागी ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ घ्या. कॅलरी ऐंशी-शंभराने कमी, प्रथिनं दोन-तीन ग्रॅमने जास्त, आणि भूक उशिरा. चहातली साखर सोडली तर आणखी २००. एक चमचा तेल कमी, आणखी १२०. रोजच्या चारशे कॅलरी अशा निघाल्या, आणि ना किटो लागला ना घड्याळ.

बाजार आमटीकडे या नजरेने पाहिलं तर ती गुन्हेगार वाटत नाही. तळाशी तीन-चार डाळी, म्हणजे या भागातलं सगळ्यात स्वस्त प्रथिन. वर तरंगतो तो कट, म्हणजे तेल. ती ज्यावर ओतायची ती कुस्करलेली भाकरी मात्र मोजून घेतलेली नसते. एकेक चतकोर वाढत जातो आणि आमटीच्या नादात चौथी भाकरी कधी संपली ते कळत नाही. दोष असेल तर प्रमाणाचा आहे, पदार्थाचा नाही.

मग आपलं कोणतं?

निवडताना स्वतःला चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, औषधं कोणती चालू आहेत? हा प्रश्न सगळ्यांच्या आधी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण अचानक दोनवर आणलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रानात एकटा असलेला माणूस चक्कर येऊन पडतो ते यामुळे. डापाग्लिफ्लोझिन गटातली गोळी घेऊन किटो केलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसल्याने तो लक्षातही येत नाही. डाएट सुरू करायच्या आधी डोस बदलावा लागतो, नंतर नाही. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण, अंगावर पाजणं, अठराखालचं वय, आणि आधीच रोडावलेलं म्हातारपण यांपैकी काही असेल तर कडक डाएट नकोच.

दुसरी, आपण वाहवतो कुठे? दिवसभर टपरीवर चरत असाल तर दोन जेवणांचं कुंपण उपयोगी, कारण त्यात प्रत्येक वेळी 'खाऊ की नको' हे ठरवावं लागत नाही. दोन जेवणांतल्या उपासानंतर ताटावर तुटून पडत असाल तर तेच कुंपण घातक. तुम्हाला तीन ठरलेली जेवणं आणि चारला मूठभर फुटाणे बरे. ताटात भाकरी-भातच जास्त असेल तर ते कमी करा. वडे, भजी, शेव, कट यांत अडकत असाल तर तेल मोजा.

तिसरी, काम काय? ऊस तोडणाऱ्याला, दिवसभर खुरपणाऱ्या बाईला दोन वेळच्या जेवणाचा नियम लादणं हा अन्याय आहे. दुकानात किंवा कचेरीत बसणाऱ्याला तो झेपतो. रात्रपाळीच्या कामगाराचं घड्याळच निराळं असतं. गळीत हंगामातला साखर कारखान्याचा माणूस आठवा.

चौथी, स्वयंपाक कोण करतं आणि किती पातेली चढवतं? डाएट बहुधा घरातल्या पुरुषाचं असतं आणि त्याचे कष्ट बाईच्या वाट्याला येतात. त्याच्यासाठी निराळी भाजी, मुलांसाठी निराळी, सासूबाईंना मऊ भात. तिचं स्वतःचं वजन, तिच्या गुडघ्यांचं दुखणं, तिचं उरलंसुरलं संपवणं यांचा हिशेब कोणी मांडत नाही. ज्या डाएटला दुसरं पातेलं लागतं ते बहुतेक घरांत दोन-तीन महिन्यांत संपतं, माणूस ढिला पडला म्हणून नव्हे, घर थकलं म्हणून. मला विचाराल तर चारही प्रश्नांत हा मोठा. प्रयोगांत जे 'टिकणं' मोजलं जातं त्याचं घरगुती नाव हे आहे.

एक नवी वाट गेल्या काही काळात खुली झाली आहे. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही आठवड्याला टोचायची इंजेक्शनं भारतात आली. भूक मंदावून ती वजन सरासरी १५ ते २० टक्के उतरवतात. डाएटच्या प्रयोगांत सरासरी घट सहसा इतकी दिसत नाही. लठ्ठपणाला आळस समजून हिणवणाऱ्यांना त्यातून एक धडा मिळाला: भूक ही बरीचशी शरीराची भाषा आहे, चारित्र्याची परीक्षा नाही. पण ही इंजेक्शनं महाग, डॉक्टरांच्या देखरेखीची, आणि सोडली तर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग वर्षभरात परत येतो. शिवाय भूकच मेली की प्रथिनंही कमी जातात, आणि आपल्याकडे स्नायूंचा साठा मुळातच थोडा. इंजेक्शन घेणाऱ्यालाही शेवटी ताट नीट लावावंच लागतं.

म्हणून माझं मत असं. दीक्षितांकडून वेळेची शिस्त आणि चालणं घ्यावं. दिवेकरांकडून आपल्या मातीतल्या अन्नावरचा विश्वास घ्यावा. पिष्ट कमी करणाऱ्यांकडून तिसरी भाकरी सोडायला शिकावं, चरबी कमी करणाऱ्यांकडून तेलाची बुधली महिनाभर पुरवायला. भूमध्य समुद्राकडून कडधान्यांचा मान वाढवावा. हे सगळं एकाच पातेल्यातून जमतं की नाही, एवढी अट ठेवावी. जमत असेल तर ते डाएट आपलं. कोणाचं नाव त्याला लागो न लागो.

पुन्हा त्या पंगतीत बसू. चुलीवरून उतरलेलं पातेलं मध्ये ठेवलं आहे. ऊस तोडून आलेल्याला कट हवा, त्याने खुशाल घ्यावा. त्याच्या ताटात चार भाकऱ्याही शोभतात. बागायतदाराने दोन भाकऱ्या आधीच मोजून ताटात घ्याव्यात आणि कुस्करायला सुरुवात करावी. वाढणारीने पळी विचारण्यासाठी वर धरली की त्याने एवढंच म्हणावं, "माझी तळातून घाल." वरचा कट बाजूला सारत पळी खाली जाते आणि घट्ट डाळ घेऊन वर येते. आणि वाढून झालं की तिनेही त्याच पंगतीत, त्याच पातेल्यातून, गरम असतानाच जेवायला बसावं.